गुरुवारी, पावणेचारला

मिरजेत, तळमजल्यावर, एसी गळतो त्या खोलीत
मी सुमैयाच्या छातीला जेल लावते.
"गार हाय," म्हणते ती.
पडद्यावर झडप,
असायला हवी तिथून बोटभर खाली.

अकरा वर्षांत असं हृदय मला दुसऱ्यांदा दिसतंय.
पुण्याच्या बाईंनी नऊ पाहिलीत.
वेल्लोरला चाळीस.

पावणेचारला सगळे एका पडद्यावर.
नेट अडकतं, वेल्लोरचे डॉक्टर
तोंड उघडं ठेवून गोठतात,
मग म्हणतात, "थांबूया. वजन वाढू दे."
"मी नसते थांबले," पुण्याच्या बाई.
बराच वेळ कुणी बोलत नाही.

पहाटेच्या एसटीनं जतहून आलेले अब्बा
दाराशीच उभे:
"एवढी माणसं? हिच्या एकटीसाठी?"

मी कापूस देते. वहीत लिहिते:
पुणे दहा, वेल्लोर एक्केचाळीस.
मिरज, दोन.