पाण्याचं दार

शनिवारी दुपारी पतसंस्थेचं शटर ओढतो,
चाव्या रोहिदासकडे देतो,
दुर्भाटच्या धक्क्यावर स्कूटर लावून
फेरीबोटीत चढतो.
गळ्यात कॅमेरा. खिशात लिंबाच्या गोळ्या.
पन्नाशीतला माणूस अशा वेळी
कुणाच्या तरी मयताला निघाल्यासारखा दिसतो,
नाहीतर जमीन बघायला.
रासईला उतरलो की कुणीतरी विचारतंच :
प्लॉट काय ?

प्लॉट नाही.
बांधावरून चालायचं.
उजवीकडे जुवारी, काठोकाठ भरलेली,
डावीकडे खाजन. कापून झालेल्या कोरगुटाचे खुंट,
खुंटांत पाणी, पाण्यात आभाळाचे तुकडे
शेजारी शेजारी ठेवलेले, कुणी न जुळवलेले.
शराटी चालते, थांबते, चिखलात चोच घालते,
तिचं काय हरवलंय तिलाच ठाऊक.
मी टिपतो. बघतो. पुसतो. पुन्हा टिपतो.
फोटोत सगळं असतं,
हिरवं असतं, करडं असतं, क्षितिज सरळ असतं,
तरी आतून हाक आल्यावर
गुणगुणणं अर्ध्यात टाकून बाई उठून जावी
तसं काहीतरी
शटरच्या आवाजासरशी उठून जातं.

वडील पखवाज वाजवत, देवळात, सोमवारच्या पालखीला.
मलाही बसवलं होतं समोर.
टाळ्या मी नेमक्या मारायचो,
खालीला गडबडायचो.
खालीला टाळी नसते. हात नुसता
उघडून बाजूला न्यायचा.
'काय धरलंस ?' ते विचारत.
'काही नाही.'
'मग बरोबर.'
बारावीत मी सोडलं. ते काही बोलले नाहीत.
पुढे त्यांची बोटं आखडली, पखवाजाला खोळ चढली,
डाव्या पुडीला कणीक लागेनाशी झाली.
सोमवारी घरात एक पोळी जास्त होऊ लागली,
एवढंच.

मानशीपाशी इनास बसलेला असतो.
इकडे पाण्याच्या दाराला मानस म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, हा थट्टा करतोय.
भरतीला फळ्या आपोआप मिटतात,
ओहोटीला आपोआप उघडतात,
इनास जाळं लावतो आणि थांबतो.
चर्चमध्ये चाळीस वर्षं तो दुसरं व्हायोलिन वाजवत आला.
पहिलं एकदाही नाही.
'पहिलं असलं की ऐकू येतं,' तो म्हणतो,
'दुसरं नसलं की ऐकू येतं.'
आणि विडी शोधत राहतो, जी कानामागे आहे.

एकदा त्याला सरळच विचारलं होतं,
सुखी आहेस काय रे, इनास ?
म्हणाला, सुंगटांना यंदा भाव नाही.

आज सव्वापाचच्या सुमारास
नदी उतरत उतरत शेतातल्या पाण्याएवढी झाली.
अलीकडे तेवढंच, पलीकडे तेवढंच.
फळ्या सैल.
टक्.
मग बराच वेळ काही नाही.
टक्.
इनासनं बोट वर केलं.
मी कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत ओली फळी,
इनासचं अर्धं बोट, पलीकडच्या काठाचे माड,
उजेड असा की मागूनही मिळाला नसता.
आणि माझा हात, मला न विचारता,
उघडून बाजूला गेला.
कॅमेरा पट्ट्याला लोंबला, बरगडीवर आपटला.
दुखलं सुद्धा.

मग पाणी निघालं.
शेतातलं आभाळ लगबगीनं जाळ्यात शिरलं.
इनास उठला, गुडघ्याला एक शिवी हासडली,
माझ्याकडे बघितलं नाही.

परतीच्या बोटीत कार्ड तपासलं.
एकशे बारा फोटो. शराटी चौदा वेळा.
त्या वेळचा एकही नाही.
शेजारची बाई वाकून बघत होती.
'लग्नाचे काय ?'
'नाही. खाजनाचे.'
'त्यात काय आहे ?' म्हणाली,
आणि पिशवीतल्या पोयचा तुकडा मोडून
पोराच्या हातावर ठेवला.
पोर लगेच खाईना. तो गरम होता.

बोटीच्या इंजिनानं एक लय धरली होती, जाडीभरडी,
मी मांडीवर चौताल मोजायला घेतला.
दुर्भाट येईपर्यंत
दोनदा चुकलो,
दोन्ही वेळा टाळीलाच.