बिस्तारै

वाळपईत, मासळीबाजाराच्या मागच्या हॉटेलात
तो पातळभाजी ढवळायचा.
डाव्या हाताला तीनच बोटं.
आम्ही धरून चाललो होतो, यंत्रात गेली असणार.
"बर्फात," एकदा म्हणाला, आणि कांदा चिरत राहिला.
आम्हाला ठाऊक असलेला बर्फ
बांगड्यांच्या खोक्यातला.

कर्साङ घले, गाव लाप्राक.
पोलिसांच्या भाडेकरू-फॉर्मवर करसन घाले.
मालकाची हाक: बहादूर.
तो तिलाही ओ द्यायचा.

डोंगर आमच्या परसामागेच होते,
पण वर जायचं ते कामाला.
चुकलेली गाय, मध, सरपण.
विठो झोऱ्याच्या तर पायांना पाठ होती वाघेरी,
अंधारातसुद्धा.
कड्याला मात्र कुणी हात लावला नव्हता.
कड्यावर काय आहे?
काही नाही.
मग?

सोमवारी हॉटेल बंद.
पाडेल्याचा दोर त्याने ओढून पाहिला, वास घेतला,
परत दिला.
चार महिन्यांचा पगार साठवून एक दोर मागवला,
निळा,
आमच्या कुणाच्याही लग्नातल्या शर्टाहून महाग.

पहिल्या सोमवारी कड्याला शिवू दिलं नाही.
दिवसभर गाठी. डोळे मिटून, हात पाठीमागे घेऊन.
शाणू वैतागला, म्हणाला, बैल बांधायला शिकतोय की काय.
दुसऱ्या सोमवारी दगडाशी कान:
ठोकल्यावर जो पोकळ बोलतो तो खोटा.
जांभा बहुतेक खोटंच बोलतो, हे तेव्हा कळलं.
घरं त्याचीच आहेत आमची.

पायथ्याशी आम्ही राखणदाराला गाऱ्हाणं घातलं,
रोट ठेवला, विडी ठेवली.
तो हात जोडून उभा. मग त्याला धूर हवा होता,
त्याच्याकडे असतो तसल्या झाडाचा.
ते झाड इथे कुठलं?
तिरफळाची ओली फांदी पेटवली.
शाणू शिंकत सुटला.
राखणदार काही बोलला नाही.

त्याच्या भाषेत कड्याला म्हणतात भीर.
आम्हाला ऐकू आलं भीती.
त्याने दुरुस्त केलं नाही.
आणि वरून एकच शब्द यायचा, दिवसातून शंभरदा:
बिस्तारै.
हळू. घाई नको. कडा कुठे जात नाही.

एका गिऱ्हाइकाने उधारीवरून त्याला घाटी म्हटलं.
अख्खं हॉटेल गप्प.
त्याने मला विचारलं, म्हणजे काय?
मी म्हटलं, घाटावरचा. डोंगरातला.
"तो तर मी आहेच,"
असं म्हणून त्याने गिऱ्हाइकाला अजून एक पाव वाढला.

मे महिन्यात घरून फोन आला.
दोर विठोच्या माळ्यावर ठेवून गेला.
पुढची तीन वर्षं त्याचा नंबर वाजायचा,
मग एक बाई सांगू लागली,
हा नंबर अस्तित्वात नाही.

आता क्लब आहे. हेल्मेटं आहेत, वनखात्याचा परवाना आहे,
रविवारी पणजीहून, म्हापशाहून गाड्या येतात.
दहाव्या वर्धापनदिनाला ज्या गृहस्थांना
गोव्यातल्या गिर्यारोहणाचा पाया घातला म्हणून शाल दिली,
त्यांनी कडा बघितलाय तो बाल्कनीतून.
टाळ्या वाजल्या.
मीही वाजवल्या. पुढच्या रांगेत होतो.

गेल्या रविवारी डिचोलीची एक मुलगी मध्यावर अडकली,
गुडघा शिवणयंत्रासारखा थरथरत होता.
मी तोंड उघडायच्या आत विठोचा धाकटा ओरडला,
बिस्तारै!
त्याने कर्साङला पाहिलेलं नाही.
तेव्हा तो जन्मलाही नव्हता.

त्याने डावा हात उंच केला,
शेवटची दोन बोटं दुमडून,
आणि तळवा हलकेच खाली दाबला.
थांब, श्वास घे, याची आमच्याकडे हीच खूण.
मुलगी थांबली. तिनेही वरून
दोन बोटं दुमडून उत्तर दिलं.

पोरांना वाटतं, नियमच तसा आहे.