नवतप्यात पाहुणे येत नाहीत

शाळा सुटली की आमचा पगारही सुटतो.
हेमराज बस चालवतो, मी त्याच बसमधली मावशी:
दप्तरं उचला, खिडकीबाहेरचे हात आत घ्या,
ओकणाऱ्याला पिशवी द्या.
एप्रिलच्या वीस तारखेला बस शेडमध्ये लागली
आणि आम्ही दोघं एक गादी, एक स्टो,
कुलरला पुरेल एवढी वायर घेऊन
देवलापारच्या पुढल्या टेकडीवर चढलो.

तिथं आठ खोल्या, चार घोडे, एक खेचर
आणि मालक, जे धरमपेठेतून फोनवरच राहायचे.
फाटकावर पाटी: डोंगरावरचं आयुष्य जगा.
जगायला लोक शुक्रवारी यायचे, रविवारी जेवून जायचे.
उरलेले चार दिवस ते आयुष्य
आम्ही झाडून, धुऊन, वाळत घालायचो.

आमची खोली तबेल्याला लागून.
भिंतीपलीकडं कलेक्टर रात्रभर खूर आपटायचा.
(कलेक्टर म्हणजे घोडा. सही केल्यासारखा
एक पाय घासायचा आणि मग काहीच करायचा नाही.)
लग्नाला चौदा वर्षं झाली होती,
पण भिंतीपलीकडं माणूस नाही
असं हे पहिलंच वर्ष.
हुडकेश्वरच्या दोन खोल्यांत आम्ही
कुकरच्या शिट्टीआड बोलून घ्यायचो.
इथं मोठ्यानं बोलायची सोय होती,
तर बोलणंच सुचेना.
पहिला आठवडा आम्ही मिठाबद्दल बोललो.

एक मॅडम म्हणाल्या, किती लकी हो तुम्ही,
बारा महिने इथंच!
माझ्या हातात अकरा चादरी होत्या.
मी हो म्हटलं. पाटवडीचा रस्सा उतू जात होता,
समजावून सांगायला वेळ नव्हता.

मग नवतपा लागला.
शेहेचाळीस, साडेशेहेचाळीस.
बुकिंगा गळाल्या, मोहाची फुलं गळतात तशा,
फक्त वास न येता.
मालक म्हणाले, घोडे बांधून ठेवू नका, फिरवा.
पहाटे साडेचारला हेमराजनं कलेक्टरला
पाण्याच्या हौदाशी उभं केलं
आणि मला म्हणाला, बस.

चौदा वर्षं त्याच्या तोंडून हा शब्द
मी चार चाकांसकटच ऐकला होता.

पदर खोचला, हौदाच्या काठावरून चढले.
मी 'अगं माय' म्हटलं तसे कलेक्टरचे दोन्ही कान
मागं वळले, जणू तक्रार नीट ऐकतोय.
खाली तेंदूपानं तोडायला निघालेल्या बाया
थांबून हसल्या. मीही हसले,
आणि हसताना दिसलं:
बसमध्ये टोपीखाली असायचं ते, हेमराजच्या डोक्यावर
वाटीएवढं टक्कल.
हे असं वरून कधी पाहिलं नव्हतं.

उतारावर तो पुढं बघतच बोलला,
मागच्या दिवाळीत हैदराबादच्या ट्रकवर बोलावलं होतं.
दुप्पट देत होते.
मग?
मग काय. नाही गेलो.
काहून?
बराच वेळ फक्त खूर वाजले.
बसमध्ये मागून तुझा आवाज येते न.

मला काही सुचलं नाही.
कलेक्टरला सुचलं: तो थांबला,
शेपटी उचलली, सावकाश मोकळा झाला,
आणि आम्ही दोघं त्या टेकडीवर
वेड्यासारखे हसलो.
लगाम कधी माझ्या हातात आला
ते मला आजही सांगता येणार नाही.

जूनच्या हिशेबात मालकांनी नऊ दिवस कापले,
पाहुणे नव्हते म्हणून.
हेमराज भांडायला निघाला, मी दंड धरला.
राहू दे. ते नऊ दिवस
त्यांचे नव्हतेच.

जून सरता सरता शाळा उघडली.
छत्तीस मुलं, छत्तीस डबे, एक रडणारं नवीन.
दार ओढलं, मोजणी केली,
आणि मागून नेहमीसारखं म्हटलं, चल.
टोपीखालचे हेमराजचे कान,
शपथेवर सांगते,
जरासे मागं वळले.