तीन दिवसांचं काम

अकरा महिने सत्तावीस दिवस
मी पंख्यांचा माणूस.
कंडेन्सर, कॉइल, बेअरिंगचं तेल.
मग एका रात्री वारा उत्तरेचा होतो
आणि सकाळी सगळ्या बडोद्याला
माझं दुसरं नाव आठवतं:
गिझरवाले.

सात अंश. फक्त सात.
तेवढ्यासाठी पेपरनं पहिल्या पानावर
बर्फातल्या डोंगराचा फोटो छापलाय.
शाळा सातच्या आठवर गेल्या.
गॅलरी-गॅलरीत खोबरेल तेलाच्या बाटल्या
उन्हात उभ्या,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारख्या.
स्कूटर चोक ओढून ओढून दमली.
हसमुख, माझा हेल्पर, कानटोपीवर हेल्मेट घालतो,
मग पाना मागितला की टेस्टर देतो.

दांडिया बाजारात फणसेबाई दार उघडतात.
अंगावर मुलाच्या लग्नातली शाल, शालीवर चादर,
पायात मोजे, आणि मोज्यांवर अंगठ्याची चप्पल,
पट्टा बोटांत रुतलेला.
हे घर मी ओळखतो.
खाली कोटा लादी, वर अकरा फुटांवर छत,
दारांवर झरोके, काच नसलेले,
खिडक्यांच्या फळ्या तिरक्या,
कितीही ओढा, बोटभर फट राहणारच.
बांधणाऱ्यानं मे महिना डोळ्यांपुढे ठेवला होता,
निव्वळ मे.
ऊन बाहेर कसं काढायचं, ते भिंतींना शिकवलं.
थंडीचं काय करायचं
ते त्यांना कुणी सांगितलंच नाही.

उत्तरेच्या झरोक्यात बाईंनी पेपर कोंबलाय.
डोंगर फुगतो, बसतो, पुन्हा फुगतो.

टेबलावर मोबाईल, मोबाईलात मुलगा.
सास्काटून. उणे एकतीस.
तो बनियनवर, आईस्क्रीम खातोय.
"सातला काय घाबरतेस, आई!
सातला इथे आम्ही गाड्या धुतो."
हसमुखही हसतो, टोपीतून जेवढं ऐकू आलं तेवढं.
बाई म्हणतात,
"तुझ्याकडे ती दाराबाहेर उभी असते रे.
माझ्या इथे पलंगावर निजते."
मग मला: "चहा घ्याल ना? होईतो गार होईल,
पण घ्या."

मी गिझरचं झाकण काढतो.
थर्मोस्टॅटवर मुंग्यांनी वसवलेली वाडी,
वायर कुरतडलेली,
आणि कोपऱ्यात एक पाल, ताठ.
मेली म्हणून शेपटीला धरून उचलली
तर मागचा पाय हलला. किंचित,
हिशेब चुकल्यावर बोट हलतं तसा.
खिडकीत उन्हाच्या पट्ट्यावर ठेवली.
येताना काळा घोड्याच्या पुलावर गर्दी होती.
विश्वामित्रीच्या गाळात दोन मगरी तशाच पडलेल्या,
तोंड उघडं टाकून,
आणि वरून लोक त्यांना खडे मारत होते,
जिवंत आहेत का बघायला.

नवीन कॉइल. साडेसहाशे.
बाई नळाखाली हात धरून
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

माझ्या घरी गिझर नाही.
तीन दिवसांसाठी कोण घेतो?
बायको पातेलं चढवते,
पहिला तांब्या मुलीचा, शेवटचा माझा,
तोवर पाणी आपलं मूळ गाव आठवायला लागतं.

चौथ्या दिवशी वारा फिरला.
बाईंचाच फोन: "ती शिडी घेऊन या हो,
झरोका मोकळा करायचाय, कोंदटतं."
चढलो. कागद ओढला.
डोंगर वाऱ्याच्या बाजूला होता.
आतल्या बाजूला,
बाईंच्या उशीकडे तोंड करून तीन रात्री,
गुजरातीत चार ओळी:
स्टेशनबाहेर, हातगाडीखाली,
अनोळखी इसम, वय अंदाजे पन्नास,
अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट.

वाचून झालं तरी मी शिडीवरच.
खालून हसमुख विचारतो, "पाना देऊ?"
आज डोक्यावर टोपी नाही त्याच्या.
कागदाची घडी केली, खिशात घातली,
टेस्टरशेजारी.

"वर आहातच," बाई म्हणाल्या,
"तर पंखा बघता का जरा?
लावला की आवाज करतो."