कांडी

मे महिन्यात केगावच्या प्रयोगशाळेत
एसी बंद पडला की आधी संगणक कण्हतो,
मग मी.
बाहेर त्रेचाळीस. पडद्यावर त्याहून जास्त:
जैसलमेरच्या पश्चिमेचं वाळवंट,
जिथं मी कधी गेलेले नाही.

मला ते सात पट्ट्यांत मिळतं.
आपल्याला दिसतो तो उजेड तीनच पट्ट्यांत,
उरलेला दगडांचा आपापसातला.
एका पट्टीला दुसरीनं भागलं
की लोखंडाचा गंज नारंगी उठतो,
आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी खालून उकळतं पाणी चढलं असेल
तिथली चिकणमाती जांभळी.
दोन्ही शेजारी आले, मधून फाट गेली,
की फुली मारायची. तांबं असेल, कदाचित.
'कदाचित' नसता
तर आमचा अहवाल दोन पानांत संपला असता.

या खेपेला फाट सापडली.
सतरा किलोमीटर, सरळ,
पट्टी ठेवून ओढल्यासारखी.
तिच्या अंगानं सात फुल्या.
बाडमेरला सवाईदानला फोन केला.
तो म्हणाला, टायर बदलतो आणि निघतो.

संध्याकाळी छापील नकाशा घरी नेला,
पूर्व भागात, खाली माग, वर आम्ही.
नायनांना उजव्या कानानं ऐकू येत नाही.
चव्वेचाळीस वर्षं तो कान मागाकडे होता.
त्यांनी कागद चादरीसारखा दिव्यासमोर धरला,
सवयीनं उलटा करून पाहिला.
मागं कोरं. स्वतःशीच हसले.
मग अंगठा त्या रेघेवरून
या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हे काय?"
"फाट. इथं जमीन तुटलीय."
"जमीन अशी तुटत नसते गं यशोदा.
इथं कांडी संपली होती.
धोटा रिकामाच गेलाय एकदा."

मी समजावलं, हा माग नव्हे,
सातशे किलोमीटरवरून बघणारा डोळा आहे,
ओळीमागून ओळ टिपत जातो.
"तेच म्हणतोय," ते म्हणाले,
"आणि त्याच्यापाशी उभं कुणीच नाही?"

रात्री झोप आली नाही.
सकाळी जुन्या तारखांची चित्रं उघडली.
मार्चमध्ये ती रेघ नाही.
जानेवारीत नाही.
आणि मेच्या चित्रात ती वाळूवरून जाते,
डांबरी रस्त्यावरून जाते,
कोपऱ्यातल्या एका ढगावरूनही तशीच जाते.
ढगाला कसली फाट?

सातांतल्या पाच फुल्या पुसल्या.
सवाईदानचा फोन लागेना.
तिसऱ्या दिवशी त्याचा फोटो आला:
पिवळी वाळू, मापासाठी ठेवलेली स्वतःची चप्पल,
आणि खाली लिहिलेलं,
इथं काही नाही, पण केर लगडलेत,
लोणच्याला पाठवू का?
मी 'माफ करा' लिहिलं, खोडलं,
'पाठवा' लिहिलं.

उरलेल्या दोन फुल्या अजून आहेत.
त्यांच्याबद्दल मी घरी काही बोलत नाही.

तो डोळा दर सोळा दिवसांनी
साडेदहाच्या सुमाराला सोलापूरवरूनही जातो.
तीस मीटरचा एक ठिपका:
त्यात आमचं घर, गज्जमांचा कारखाना,
रंगाच्या पाण्यानं निळी झालेली गटार,
अव्वानं गच्चीत घातलेले सांडगे,
सगळं मिसळून एक करडा रंग.
पत्रे गंजलेत म्हणून किंचित नारंगी.
मी तिथं फुली मारलेली नाही.

नायनांनी तारखा कॅलेंडरवर लिहून घेतल्यात,
दुधाच्या हिशेबाशेजारी.
त्या सकाळी ते माग थांबवतात,
पायऱ्या चढून गच्चीत जातात,
खांद्यावरचा पंचा डोक्यावर घेऊन
दहा मिनिटं उभे राहतात.

मी सांगितलं, तो दिसणार नाही, नायना.
"मला कुठं बघायचाय," म्हणाले.