गुरुवारचं रीडिंग

भोसरीत बुधवारी मीटर ऐकेनाच.
लेथच्या एकाच सॉकेटला शून्य पॉइंट चार,
मग एक पॉइंट तीन, मग नुसतीच रेघ.
तुपसौंदर म्हणाला, "पहिला आकडा लिही की,
पास होतोय."

लीडा टोकाला टोक लावून शून्य केल्या.
क्लिपखालचा हिरवा रंग खरवडला
पार लोखंड चमकेपर्यंत.
तरी शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग पेटलं
की इकडे आकडा दचकायचा.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी.
एकटाच गेलो. चहावाल्याचंही शटर खाली.
लाइट होती, नशीब.
बटण दाबलं: बासष्ट.
पुन्हा. बासष्ट.
तिसऱ्यांदा, जरा भीतभीतच.
बासष्ट.

चिमूटभर करंट
लेथच्या अंगातून, गंजक्या पट्टीवरून
पार रोहित्रापर्यंत जाऊन आला होता
आणि तिन्ही वेळा
वाटेतली तीच अडचण सांगत होता.

शून्य पॉइंट बासष्टला
चाळीसचा ब्रेकर वेळेत पडत नाही.
लिहिलं. नापास.
आता तुपसौंदर आठवडाभर बोलणार नाही.

लेथखाली फळीवर
कुणाच्या तरी ओल्या पायांचे ठसे
वाळून पांढरे झालेले.
चप्पल नव्हती त्यांना.