कॉक बंद

चार महिने ताडपत्रीखाली होतं ते,
पुण्याच्या गोल्फच्या मैदानावरनं
तिसऱ्या हातानं आष्ट्याच्या कॉलेजात आलेलं
बसून चालवायचं गवताचं मशीन.
पोरं त्याला रणगाडा म्हणतात.
चावी फिरवली, तर नुसतं खोकलं
आणि गप्प.

दस्तगीर शिकलगार आला सायकलवरनं.
बापजाद्यांनी विळ्या-कात्र्या घासल्या,
याच्या वाट्याला इंजिनं आली,
पात्याची धार मात्र अजून घरचीच.
कानानं कमी ऐकतो.
लांब स्क्रूड्रायव्हर हेडवर टेकवतो,
मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटतो.

आज ऐकण्यासारखं काही नव्हतंच.
टाकीचं झाकण काढून वास घेतला,
म्हणाला, "शिळं आहे. जूनमधलं."
कालची आमटी ओतून द्यायला सांगावं
तसं.

कार्बोरेटरची वाटी उतरवली.
तळाशी पाण्याचा टपोरा थेंब
आणि कडेला पिवळट, चिकट थर,
काकवीसारखा.
"काकवीच की," तो हसला,
"पेट्रोलात इथेनॉल, इथेनॉल मळीतनं,
मळी तुझ्या भावाच्या उसातनं."

मी मनात मागं जात राहिलो.
विहिरीकडच्या पट्टीतला ऊस,
डिसेंबरात टोळीनं तोडला,
बैलगाडीतनं कारखान्यात गेला,
दुसरा हप्ता अजून यायचाय,
आणि तो स्वतः मात्र येऊन बसलाय
या सुईच्या नेढ्याएवढ्या भोकात.
हवेतलं पाणी ओढतो म्हणे.
कृष्णाकाठचा आहे, ओढणारच.

क्लचच्या तुटक्या केबलमधली एक तार सोडवून
त्यानं जेटमधनं हळू फिरवली.
"जोर नको. भोक मोठं झालं
की इंजिन जन्माचं खादाड."
मग उजेडाला धरून माझ्या हातात दिला.
त्या भोकातनं मला पॅव्हेलियनची पायरी दिसली
आणि पायरीवर झोपलेली कुत्री.

एअर फिल्टर आपटला,
पाचट जाळल्याची काजळी उडाली.
प्लग काढला, काळाकुट्ट.
"टोकाचा रंग भाजक्या शेंगदाण्याच्या सालीचा हवा."
पेट्रोलचा फिल्टर नवा.
"बाण इंजिनाकडं. मागच्या वर्षी
कुणी उलटा लावला होता?"
मी पान्हे पुसत राहिलो.

तिसऱ्या चावीला धरलं.
पांढरा धूर, मैदानातनं बगळे उठले,
दोन फेऱ्या मारून आलो,
चपलेला, पॅन्टीला, मानेला गवत.

"आता परीक्षा, मग दिवाळी. ठेवणार ना?
मग चावीनं मारू नको त्याला.
कॉक बंद कर आणि चालू दे.
वाटीत आहे तेवढं पिऊन
आपसूक थांबेल."

आम्ही पायरीवर बसलो, कुत्री सरकली.
तो उठून बॉनेटवर तळवा ठेवून उभा राहिला.
बराच वेळ काहीच बदललं नाही.
मग आवाज एकदम चढला,
जसा काही आत्ताच दम आलाय.
"गेलं," तो म्हणाला.

मला अजून ऐकू येत होतं.
मी तसं सांगणार, तेवढ्यात
थांबलंच.

साडेतीनशे घेतले.
ती तार पुसून, वेटोळं करून
वरच्या खिशात ठेवली.